डॉज चॅलेंजर आर/टी, ५.७ हेमी: गाडी किती पिते आणि आपण किती पाजतो

आधी आकडे सांगून टाकतो, कारण मंडळाचा गणपती असो, कुणाकडचं पॉटलक असो नाहीतर ऑफिसचं पार्किंग, ही गाडी बघून आपला माणूस हॉर्सपॉवर कधीच विचारत नाही, त्याचा पहिला प्रश्न "ॲव्हरेज काय देते?" हाच. तर माझी चॅलेंजर आर/टी, ५.७ लिटरची हेमी व्ही-८, आठ गिअरची ऑटोमॅटिक, डॅलसच्या उत्तरेकडच्या सिग्नलवाल्या रस्त्यांवर १५-१६ मैल प्रति गॅलन देते, हायवेला ७० वर क्रूझ लावून गप बसलं तर २४-२५, आणि सगळं मिळून १८-१९ च्या आसपास. म्हणजे गावात लिटरला साडेसहा-पावणेसात किलोमीटर आणि हायवेला साडेदहा. एवढं ऐकलं की समोरच्या काकांचा चेहरा पडतो, मग त्यांची कॅमरी हायब्रिड कशी पन्नासच्या वर देते हे ते मला सांगतात, मी ऐकून घेतो, आणि निघताना तेच म्हणतात "जरा स्टार्ट करून दाखव ना आवाज".

कंपनीने खोटं काही सांगितलेलं नाहीये हेही लगेच सांगतो. आठ गिअरवाल्या ऑटोमॅटिक आर/टीच्या काचेवरचा ईपीएचा (अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेचा) ॲव्हरेजचा स्टिकर १६ सिटी, २५ हायवे, १९ एकत्र असाच होता. माझं ॲव्हरेज त्याच्याच आजूबाजूला खेळतं. पण गंमत अशी की हीच गाडी, हेच इंजिन, अगदी हाच रंग असलेले लोक १३ देते म्हणून रडतात आणि दुसरा एखादा २० काढतो. गाडी तीच असते राव, फरक उजव्या पायात असतो, आणि तोही लोक समजतात तिथे नसतो.

लोकांना वाटतं मसल कार आहे म्हणजे सिग्नल सुटला की बुंगाट सोडायची, तिथेच पेट्रोल जातं. थोडा हिशोब करू. गाडीचं वजन धरा १,९०० किलो. एवढं धूड शून्यापासून ताशी ६० मैलांवर न्यायला जी ऊर्जा लागते ती, इंजिनमध्ये वाया जाणारी उष्णता वगैरे धरूनसुद्धा, साधारण ०.०२ गॅलन पेट्रोलमधून निघते. गॅलन तीन डॉलर धरला तर सहा-सात सेंट. म्हणजे हायवेच्या रॅम्पवर एकदा दाबून घ्यायची, ३७२ हॉर्सपॉवर पाठीत जाणवू द्यायची, त्याचा खर्च सात सेंट! त्या आवाजासाठी मी आनंदाने देईन, कुणी पावती दिली तर फ्रेमसुद्धा करून लावीन.

मग पेट्रोल जातं कुठे? ब्रेकमध्ये जातं. ती ६० पर्यंत आणलेली गाडी पुढच्या लाल सिग्नलला दाबून थांबवली की ती सगळी ऊर्जा डिस्क गरम करण्यात गेली, आणि आता परत शून्यापासून सुरुवात. आमच्याकडे प्रेस्टन रोडसारखे रस्ते आहेत, सरळ, रुंद, ४०-४५ची लिमिट, आणि दर अर्ध्या मैलाला सिग्नल. तिथे दोन प्रकारचे लोक दिसतात. एक जण हिरवा पडला की उडतो, ५० करतो, पुढचा लाल दिसतोय तरी गॅसवरच पाय, मग शेवटी कचकन ब्रेक. दुसरा हिरव्याला व्यवस्थित निघतो, रेंगाळत नाही, पण पुढचा लाल दिसला की लांबूनच पाय उचलतो आणि तो बऱ्याचदा न थांबताच पुढे जातो कारण तोवर सिग्नल हिरवा झालेला असतो. दोघं पुढच्या चौकात एकत्रच उभे! ईपीएच्याच साइटवर लिहिलंय की आक्रमक ड्रायव्हिंगने थांब-चल ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेज १० ते ४० टक्के पडू शकतं. १६ चे ४० टक्के काढून बघा काय उरतं ते, मग १३ वाले का रडतात ते कळेल.

पाय उचलण्यावरून एक गोष्ट, कारण आपल्याकडून आलेल्या लोकांना ही सवय हमखास असते. घाटात उतरताना न्यूट्रल करायचं. खंबाटकी असो नाहीतर आंबेनळी, न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, काहींचे तर वडीलच. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडाफार अर्थ असेल, ब्रेक तापायचा धोका तेव्हाही होताच म्हणा. इंजेक्शनवाल्या गाडीत उलटं आहे. गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की कॉम्प्युटर इंजेक्टरच बंद करतो, चाकंच इंजिनला फिरवत राहतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल टाकली तर मात्र इंजिनला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल लागतं, आणि ५.७ लिटरचं इंजिन नुसतं जिवंत राहायलाही बऱ्यापैकी खातं. तेव्हा ती सवय इकडे आणू नका, तिकडेही सोडा.

आता या गाडीतलं मला सगळ्यात आवडलेलं तंत्र, एमडीएस, म्हणजे मल्टी-डिस्प्लेसमेंट सिस्टिम. हेमीमध्ये हे २००५ च्या मॉडेलांपासून आहे, क्रायस्लर ३००सी वगैरे गाड्यांतून आलं. हलक्या लोडवर, म्हणजे सपाट रस्त्याला एकसारख्या स्पीडने चाललं असताना, आठातले चार सिलिंडर, १, ४, ६ आणि ७ नंबरचे, गाडी झोपवून टाकते. त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला ढकलणारे जे लिफ्टर असतात त्यातली पिन ऑइलच्या प्रेशरने सरकते, लिफ्टर नुसता वरखाली होतो पण व्हॉल्व्ह उघडतच नाही, तिथलं पेट्रोलही बंद, आत अडकलेली हवा दबते आणि सुटते एवढंच. बाकीचे चार संसार ओढतात. हे एवढ्या पटकन होतं की लक्ष नसेल तर कळणारही नाही, फक्त एक्झॉस्टचा आवाज किंचित घोगरा होतो आणि डॅशवर इको लागतो.

सगळा खेळ त्या इकोला लावून ठेवण्यात आहे. बाईक शिकताना क्लचचा पॉइंट सापडतो ना तसा इथे गॅस पेडलचा एक पॉइंट सापडतो. ४५ची लिमिट असेल तर ४५ ला पोचल्यावर पाय एक केसभर सैल करायचा, चार सिलिंडर झोपतात, मग तेवढ्याच पायावर गाडी धरून ठेवायची. उगाच हलवत बसायचं नाही. बऱ्याच लोकांचा पाय सतत फिजेट होत असतो, जरा दाब, जरा सोड, जरा दाब, आणि प्रत्येक दाबाला आठही सिलिंडर परत जागे. हा माझ्या मते या गाडीचं ॲव्हरेज मारणारा एक नंबरचा चोर आहे, आणि तो हळू चालवणाऱ्या लोकांतही असतो बरं का! शांत स्वभावाचे, कधी लिमिट न मोडणारे लोक, पण पाय चुळबुळ करणारा. त्यांचं ॲव्हरेज रॅम्पवर दाबणाऱ्यापेक्षा वाईट असतं आणि त्यांना कारण कळत नाही.

एमडीएस कुठे काम करत नाही तेही सांगतो. इंजिन थंड असताना नाही. उभ्या गाडीत आयडलला नाही. स्पोर्ट मोडमध्ये टाकली की नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅन्युअल गिअरवाल्या आर/टीत ते नाहीच. मॅन्युअलचा स्टिकर १५/२३ आहे. मॅन्युअलवाल्यांसाठी कंपनीने दुसरीच युक्ती केलीय, हलक्या पायाने पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला गेलात तर गाडी लिव्हर परस्पर चौथ्यात ढकलते, टेस्टमध्ये आकडा बरा दिसावा म्हणून. ज्यांनी घेतली त्यातल्या बऱ्याच जणांनी बाजारात मिळणारा छोटासा प्लग लावून ते बंद केलंय आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. मॅन्युअल घेणारा माणूस ॲव्हरेजसाठी घेत नाहीच.

आयडलचं वेगळं लिहितो कारण टेक्सासमध्ये हा मोठा विषय आहे. उन्हाळ्यात १०० डिग्री फॅरनहाइट, शाळेच्या पिकअप लाइनमध्ये वीस मिनिटं एसी लावून उभं राहायचं, मग इंडियन स्टोअरच्या बाहेर "दोन मिनिटात कोथिंबीर घेऊन येते" म्हणून गेलेली बायको आंबे दिसल्यामुळे पंधरा मिनिटांनी येणार. गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप या गाडीला नाही. एवढं मोठं इंजिन एसीसकट उभं राहिलं तर तासाला अर्ध्या गॅलनच्या आसपास जातं असं धरा, आणि त्यात मैल शून्य. म्हणजे रोज अर्धा तास असा उभा राहणारा माणूस आठवड्याला सव्वा-दीड गॅलन नुसता आवाज ऐकण्यात घालवतो. त्याची रॅम्पवरच्या सात सेंटशी तुलना करा. माझा तर सरळ सल्ला आहे की घरात दुसरी गाडी असेल तर पिकअप लाइनला तीच न्या. छोट्या छोट्या फेऱ्यांनाही तीच. दूध आणायला दीड मैल जाऊन यायचं, त्यात इंजिन तापतच नाही, एमडीएस लागतच नाही, ट्रिपचं ॲव्हरेज ९-१० दिसतं आणि लोक गाडीला शिव्या घालतात.

हायवे म्हणजे या गाडीचं माहेर. लांब नाक, जड बूड, सीट सोफ्यासारखी, डॅलसहून ह्यूस्टनला आय-४५ ने साधारण २४० मैल जायचं आणि उतरल्यावर कंबर धरत नाही. टाकी साडेअठरा गॅलनची आहे, त्यामुळे एकेरी प्रवासात भरायची वेळच येत नाही, बकीजच्या पंपावर थांबायचं ते भरायला नव्हे, बीव्हर नगेट्स नावाच्या खाऊसाठी. ७० च्या आसपास आठव्या गिअरमध्ये इंजिन दोन हजारच्या बरंच खाली फिरत असतं, इको बहुतेक वेळ लागलेला, आणि तेव्हा २४-२५ खरोखर येतात, उतार आणि मागून वारा असेल तर थोडे वरही.

पण पुढे हवा आहे. ही गाडी दिसायला १९७० ची आहे आणि हवेलाही ती तशीच दिसते, चौकोनी, रुंद, कपाळ उभं. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो. ऑस्टिनच्या खाली एसएच १३० नावाचा टोल रोड आहे, त्याच्या काही भागाला ८५ची लिमिट आहे, अख्ख्या अमेरिकेत सगळ्यात जास्त. लिमिटच ८५ आहे म्हटल्यावर माणूस ८५ नेच जाणार. ६५ च्या तुलनेत तिथे हवेचा विरोध ७० टक्क्यांनी जास्त असतो, आणि गाडी तो चार सिलिंडरवर पेलू शकत नाही, आठही जागे होतात. माझं तिथे २० च्या जवळ येतं. मजा येते हे नक्की, पण क्रूझ ८५ वर ठेवून "कंपनी २५ म्हणते, मला येत नाही" असं म्हणू नये, ईपीएची मूळ हायवे टेस्ट सरासरी ४८ मैल स्पीडची असते, त्यावरून पुढे जास्त स्पीडचा आणि एसीचा हिशोब घालून स्टिकरचा आकडा काढतात.

या निमित्ताने पुण्या-मुंबईकडच्या मस्टँगवाल्यांसाठी एक ओळ. चॅलेंजर तिकडे अधिकृतपणे आलीच नाही पण मस्टँग जीटी २०१६ ला भारतात आली होती, पाच लिटरची व्ही-८, त्यामुळे असतील काही जण. एक्सप्रेसवेची १००ची मर्यादा म्हणजे ६२ मैल, मोठ्या व्ही-८ ला हायवेवर ॲव्हरेजसाठी छान स्पीड आहे. तुम्हाला पेट्रोल एक्सप्रेसवेवर लागत नाही, चांदणी चौकात लागतं.

पेट्रोल कोणतं भरायचं यावर लोक धर्मयुद्ध असल्यासारखं भांडतात म्हणून थोडक्यात. ५.७ ला कंपनी ८९ ऑक्टेन सुचवते, ८७ चालतं म्हणते. ९३ भरून काही जास्त मिळत नाही, ते ६.४ लिटरच्या ३९२ वाल्यांनी भरावं, त्यांना प्रीमियम लागतंच. आता कॉस्टकोच्या पंपावर ८९ मिळतच नाही, तिथे रेग्युलर आणि प्रीमियम एवढंच. टेक्सासमध्ये प्रीमियम ९३ चं असतं, तेव्हा दोन भाग रेग्युलर आणि एक भाग प्रीमियम भरलं की बरोब्बर ८९ होतं. एवढा उपद्व्याप करायचा का? उन्हाळ्यात करा, कारण गरम हवेत ८७ वर इंजिन नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला ठिणगीचं टायमिंग मागे घेतं आणि जोर कमी होतो. थंडीत मी सरळ ८७ भरतो. बाकी पंपावर इथेनॉल १० टक्के असतंच.

ऑइलच्या बाबतीत मात्र कंजूषपणा नको. ५डब्ल्यू-२० च टाकायचं, सात क्वार्ट लागतं. वर सांगितलं तसं एमडीएस चालतं ते ऑइलच्या प्रेशरवर, त्यामुळे "घट्ट ऑइल टाक, इंजिनला चांगलं" असा गॅरेजचा जुना सल्ला इथे लावू नका. आणि स्पार्क प्लग आठ नाहीत, सोळा आहेत, एका सिलिंडरला दोन दोन, बदलायची वेळ आली की बिल बघून दचकू नका. टायरमधली हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे ठेवा, चाकं २० इंची आहेत, कमी हवेत पटकन जाणवत नाही. डिकी मोठी आहे म्हणून तिचं गोडाऊन करू नका, आमच्याकडे मंडळाचे स्पीकर कितीतरी दिवस त्यात फिरत होते.

एक्झॉस्ट बदलणाऱ्यांना सावध करतो. मोठ्या आवाजाचे मफलर लावले की आठ सिलिंडरवर स्वर्ग, पण चार सिलिंडरवर आली की केबिनमध्ये असा घूंऽऽ घुमतो की अर्ध्या तासात डोकं धरतं. मग लोक काय करतात, एमडीएस बंद करून टाकतात, आणि मग ॲव्हरेज गेलं म्हणून विचारत फिरतात!

या सगळ्याकडे बघताना या गाड्यांचा इतिहास आठवून हसू येतं. १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून हे वेड सुरू झालं, १९७० ला पहिली चॅलेंजर आली, तिच्या ४२६ हेमीवर चार बॅरलचे दोन कार्ब्युरेटर, ॲव्हरेज हा शब्द त्या लोकांनी ऐकलाही नसावा. मग १९७३ चं तेलसंकट, १९७४ ला अख्ख्या देशात ५५ची लिमिट, आणि त्याच वर्षी ती चॅलेंजर बंद. १९७८ च्या कायद्याने तर जास्त पिणाऱ्या गाड्यांवर गॅस गझलर टॅक्स आला, चॅलेंजरचीच सगळ्यात दांडगी बहीण हेलकॅट, ती नवी मिळायची तोवर घेणाऱ्याला तो पडायचाच. त्या आजोबांच्या तुलनेत हायवेला २५ देणारी ही नात म्हणजे अगदी सुसंस्कारी म्हणायची.

पैशांचं बोलायचं तर वर्षाला १२,००० मैल धरा. १९ च्या ॲव्हरेजने साधारण ६३० गॅलन, काकांच्या कॅमरीला २४० लागतील. तीन डॉलरच्या भावाने फरक महिन्याला शंभरेक डॉलरचा. हा झाला हौसेचा खर्च, प्रामाणिकपणे मोजलेला. तुमचा पाय वाईट असेल आणि १५ येत असतील तर त्यावर आणखी चाळीसेक डॉलर. इन्शुरन्स वेगळा, आणि तिथे तुमचं वय तिशीच्या आत असेल तर आधी खुर्चीत बसून मगच कोट मागा. ज्याला दिसणं हवंय पण शंभर डॉलर टोचतात त्याने व्ही-६ ची एसएक्सटी बघावी, ३.६ लिटर, ३००हून थोडे जास्त हॉर्सपॉवर, स्टिकर १९/३०, आणि रोजच्या रस्त्यावर कुठे कमी पडत नाही. फक्त आवाज नाही. मला आवाजासाठीच हवी होती त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न मिटला.

नवीन आता मिळणार नाही. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या प्लांटमधून शेवटची चॅलेंजर डिसेंबर २०२३ मध्ये बाहेर पडली, त्यानंतर आलेल्या नव्या चार्जरमध्ये एक इलेक्ट्रिक आणि एक सहा सिलिंडरची टर्बो. तेव्हा घ्यायची तर जुनीच, आणि माझ्या मते २०१५ किंवा नंतरची घ्या कारण आठ गिअर तेव्हापासून आले, त्याआधीच्या ऑटोमॅटिकला पाचच होते. बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की गाडी थंड ठेव, तुमच्यासमोर स्टार्ट करू दे. बॉनेट उघडून टिकटिक ऐका, सुरुवातीची थोडी टिकटिक गरम झाल्यावर गेली तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा तुटका बोल्ट असू शकतो, तो खर्च सोसण्यासारखा आहे, पण गरम झाल्यावरही टिकटिक तशीच राहिली किंवा वाढली तर लिफ्टरची शंका घ्या आणि सरळ घरी या. ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा. मग वीस मिनिटं हायवेला न्या, ६० ला धरून पाय केसभर सैल करा आणि बघा इको लागतो का. गाडी गरम असून, सपाट रस्ता असून, स्पोर्ट मोड बंद असून लागतच नसेल तर आधीच्या मालकाने काहीतरी उद्योग केलेला आहे, काय केलं ते विचारा आणि मगच भाव करा.